सर्व्हर रीस्टार्ट केला आणि नेटच गायब? सगळी भानगड एका नावाची

समजा, तुमचा एक सर्व्हर आहे. तुम्ही पुण्यात, सर्व्हर जर्मनीतल्या कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये. रात्री गर्दी कमी असते म्हणून दीड वाजता तुम्ही ऑपरेटिंग सिस्टीमचं मोठं अपग्रेड सुरू करता. सगळं नीट पार पडतं, एकही एरर नाही. शेवटी रीस्टार्टची कमांड देता आणि वाट बघता. दोन मिनिटं जातात, पाच जातात, पंधरा जातात. सर्व्हर काही परत येत नाही.

मशीन मेलेलं नसतं. हार्ड डिस्क ठीक असते, नेटवर्क कार्ड ठीक असतं, केबलसुद्धा जागेवर असते. झालेलं एवढंच असतं, की काल त्या नेटवर्क कार्डाचं जे नाव होतं ते आज राहिलेलं नसतं. सेटिंगच्या फाइलमध्ये जुनं नाव लिहिलेलं, सिस्टीममध्ये त्या नावाचं कार्डच नाही. मग आयपी ॲड्रेस द्यायचा कुणाला?

हे काल्पनिक वाटत असेल तर डेबियन १३ च्या रिलीज नोट्स उघडून बघा. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन लिनक्सची ही आवृत्ती आली, टोपणनाव 'ट्रिक्सी'. (डेबियनवाले आपल्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'मधल्या पात्रांची नावं देतात, ट्रिक्सी म्हणजे त्यातली निळी डायनासोर.) या नोट्समध्ये एक स्वतंत्र इशारा आहे: अपग्रेडनंतर नेटवर्क इंटरफेसची नावं बदलू शकतात, रीस्टार्ट केल्यावर नेटवर्क तुटू शकतं, आणि मशीनपर्यंत पोचायचा दुसरा मार्ग नसेल तर जपून.

आता डेबियन म्हणजे काही कोपऱ्यातली सिस्टीम नाही. उबंटूचं मूळ डेबियन. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं 'बॉस' लिनक्ससुद्धा डेबियनवरच उभं आहे. जगभरातल्या असंख्य वेबसाइट्स ज्या मशीनवर चालतात त्यात डेबियनचं कुटुंब मोठं आहे. अशा सिस्टीमला २०२५ सालीही 'कार्डाचं नाव बदलू शकतं' असं सांगावं लागतं, ही गोष्ट मुळातच विचित्र आहे. त्यात गंमत म्हणजे नावं ठरवायच्या या पद्धतीचं अधिकृत नाव आहे 'प्रेडिक्टेबल', म्हणजे आधीच अंदाज बांधता येईल अशी!

हा घोळ समजून घ्यायचा तर वीसेक वर्षं मागे जावं लागतं. पण त्याआधी एक साधा प्रश्न.

कार्डाला नाव लागतंच कशाला?

कॉम्प्युटर बाहेरच्या जगाशी बोलतो तो नेटवर्क इंटरफेसमधून. केबलचं एक भोक म्हणजे एक इंटरफेस, वायफाय म्हणजे दुसरा, फोन जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं की तिसरा. घराला जसे दोन-तीन दरवाजे असावेत, तसं. आता 'या दारातून पाहुणे येतील, त्या दारातून फक्त घरातली माणसं' असं सांगायचं तर दारांना नावं हवीत.

तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही ही नावं आहेत. वायफायच्या इंटरफेसचं नाव बहुतेक फोनमध्ये 'डब्ल्यूलॅन०' असतं. मॅकमध्ये 'ईएन०' दिसतं. विंडोजमध्ये नवीन यूएसबी अडॅप्टर लावल्यावर अचानक 'इथरनेट २' कुठून उगवलं, असा प्रश्न पडलेले बरेच जण असतील. तोही याच जातीचा प्रकार.

फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये या नावाशी आपला संबंध येत नाही, कारण मधे एक मदतनीस प्रोग्रॅम असतो. लिनक्स डेस्कटॉपवर बहुधा 'नेटवर्कमॅनेजर' नावाचा. कार्ड दिसलं, केबल लागली, की तो नावगाव न विचारता नेट चालू करून देतो. सर्व्हरवर असं चालत नाही. तिथे माणसाने फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असतं: अमुक नावाच्या इंटरफेसला तमुक आयपी दे, फायरवॉलने या नावावरून येणारं सगळं अडवावं, त्या नावावरून येणारं आत सोडावं. म्हणजे सगळी सुरक्षा एका शब्दावर टांगलेली.

आधी येईल तो झिरो

लिनक्समध्ये जुन्या काळी नावं सरळ होती. केबलवाल्या कार्डांना 'ईथ०', 'ईथ१', 'ईथ२'. वाचताना ईथ झिरो, ईथ वन. नाव देणारा होता कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि त्याचा नियम एकच: जे कार्ड आधी सापडेल ते झिरो, नंतरचं वन.

शाळेत रोज सकाळी वर्गात जो आधी शिरेल त्याचा हजेरी क्रमांक एक, असा नियम असता तर काय झालं असतं? वर्गात एकच पोरगं असेल तर काहीच नाही. दोन असतील, आणि रोज त्याच क्रमाने येत असतील, तरी चालून जाईल. पण एखाद्या दिवशी दुसऱ्याची रिक्षा लवकर पोचली, की पहिल्याचे मार्क दुसऱ्याच्या नावावर.

कॉम्प्युटर सुरू होताना हार्डवेअर एकामागून एक तपासलं जायचं तोवर हा क्रम साधारण टिकायचा. पुढे मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून ड्रायव्हर एकाच वेळी, समांतर लोड व्हायला लागले. मग कुठलं कार्ड आधी 'हजर' म्हणेल हे त्या त्या वेळच्या नशिबावर. एकाच मशीनमध्ये, काहीही न बदलता, एका बूटला जे ईथ० होतं ते पुढच्या बूटला ईथ१.

यातला खरा धोका लक्षात घ्या. एखाद्या ऑफिसच्या फायरवॉल मशीनला दोन कार्डं आहेत: एक इंटरनेटकडे तोंड करून, दुसरं ऑफिसच्या आतल्या नेटवर्ककडे. नियम लिहिलाय की ईथ१ वरून येणाऱ्याला फारसं विचारू नका, आपलीच माणसं आहेत. नावांची अदलाबदल झाली तर तो ढिला नियम आता इंटरनेटच्या तोंडाला लागला. एरर कसलीच नाही, कारण दोन्ही नावं अस्तित्वात आहेत. फक्त वॉचमन चुकीच्या गेटवर उभा आहे.

मग आला यूडेव

कर्नलने एवढ्या तपशिलात पडू नये, नावं ठेवायचं काम बाहेरच्या प्रोग्रॅमने करावं, या विचारातून २००३ मध्ये 'यूडेव' आला. ग्रेग क्रोआ-हार्टमन हे त्यामागचं प्रमुख नाव, पुढे के सीव्हर्स यांनी त्यात मोठं काम केलं. यूडेव म्हणजे सिस्टीमचा डिव्हाइस मॅनेजर. तुम्ही पेनड्राइव्ह खोचला, की कर्नल आरोळी देतो, 'नवीन वस्तू आली'. यूडेव ती ऐकतो, आपल्याकडच्या नियमांच्या फाइल्स काढतो आणि बघतो की या वस्तूला कुठला नियम लागू पडतो.

हे नियम म्हणजे साधी 'जर-तर'ची वाक्यं. जर वस्तू नेटवर्क कार्ड असेल, आणि तिचा मॅक ॲड्रेस अमुक असेल, तर तिचं नाव तमुक ठेव. फाइलच्या नावाआधी ७०, ७५, ८० असे आकडे असतात, तो रांगेतला क्रम. लहान आकड्याची फाइल आधी वाचली जाते.

नावांच्या अदलाबदलीवर यूडेवने काढलेला पहिला उपाय याच धर्तीचा होता. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच एक मॅक ॲड्रेस मिळालेला असतो. कार्ड पहिल्यांदा दिसलं की यूडेवने तो ॲड्रेस एका फाइलमध्ये नोंदवायचा, 'या ॲड्रेसवाला म्हणजे ईथ०', आणि दर बूटला तीच नोंद बघून नाव द्यायचं. ७० आकड्याने सुरू होणारी ही 'पर्सिस्टंट-नेट' फाइल त्या काळातल्या प्रत्येक सिस्टीम ॲडमिनला माहीत होती. माहीत होती म्हणजे, डोक्याला ताप म्हणून माहीत होती.

कारण एक, व्हर्च्युअल मशीन. एक मशीन नीट तयार करायचं आणि त्याच्या दहा कॉप्या काढायच्या, हा रोजचा उद्योग झाला होता. कॉपीला नवीन मॅक ॲड्रेस मिळतो. पण कॉपीसोबत ती नोंदवहीपण आलेली असते, आणि तिच्यात ईथ० हे नाव जुन्या ॲड्रेसच्या नावे राखीव असतं. मग यूडेव नव्या कार्डाला म्हणणार, तू ईथ१. सेटिंग ईथ० चं. नेट बंद. उपाय काय, तर ती फाइल उडवा आणि रीस्टार्ट करा. हा घरगुती काढा कित्येक वर्षं चालला. जळलेलं कार्ड बदललं तरी हीच कथा.

दुसरं कारण जास्त खोल आहे. कर्नलही 'ईथ'चीच नावं वाटतोय आणि यूडेवही त्याच नावांमध्ये अदलाबदल करू बघतोय. पहिल्या कार्डाला ईथ० करायचं, पण ते नाव सध्या दुसऱ्याकडे आहे. मग दुसऱ्याला तात्पुरतं तिसरंच नाव द्यायचं, पहिल्याला बदलायचं, पुन्हा दुसऱ्याला. हे सगळं चालू असताना तिकडून तिसरं कार्ड सापडतं आणि कर्नल मोकळ्या दिसलेल्या नावावर त्याला बसवून टाकतो. भरलेल्या लोकलमध्ये दोघांनी जागा बदलायला उठावं आणि तेवढ्यात दादरला चढलेल्याने टेकावं, तसं.

दादरचं नाव निघालंच आहे तर तिथलाच एक किस्सा. वर्षानुवर्षं दादर स्टेशनात पश्चिम रेल्वेचाही एक नंबर फलाट होता आणि मध्य रेल्वेचाही. 'एक नंबरवर भेट' म्हटलं की दोन माणसं दोन ठिकाणी उभी. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवले आणि मध्य रेल्वेचे आकडे ८ पासून पुढे सुरू केले. दोघांचे आकडे एकमेकांत मिसळणारच नाहीत, म्हणजे भांडणच मिटलं.

लिनक्सच्या मंडळींनीही शेवटी हेच केलं. 'ईथ' कर्नलला सोडून दिलं आणि स्वतःचं वेगळं नावघर बांधलं.

ईएनपी३एस०: हे नाव वाचायचं कसं?

पहिला प्रयत्न डेल कंपनीचा होता. त्यांच्या सर्व्हरवर मागच्या बाजूला पोर्टवर १, २, ३, ४ छापलेलं असायचं आणि लिनक्स भलतंच काही दाखवायचं. म्हणून त्यांनी 'बायोसडेव्हनेम' नावाचं साधन केलं, त्यात मदरबोर्डवरच्या पहिल्या पोर्टचं नाव 'ईएम१' असायचं. २०११ मध्ये फेडोरा १५ ने ते उचललं. दरम्यान २०१२ मध्ये यूडेव हा 'सिस्टमडी' या मोठ्या प्रकल्पात विलीन झाला आणि जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीत आजची पद्धत आली.

कल्पना अशी: नाव कार्डाच्या येण्याच्या क्रमावरून नको, ते मशीनमध्ये कुठे बसलंय त्यावरून द्या. माणूस कितव्या नंबरला आला हे न बघता त्याच्या खोलीचा नंबर बघा.

सुरुवातीची दोन अक्षरं कार्डाचा प्रकार सांगतात. 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'डब्ल्यूएल' म्हणजे वायफाय, 'डब्ल्यूडब्ल्यू' म्हणजे सिमकार्डवाला मॉडेम. पुढचा भाग जागा सांगतो, आणि इथे यूडेव वरून खाली एकेक पर्याय तपासत येतो. मदरबोर्डवरच बसवलेलं पोर्ट असेल आणि बायोसने त्याला आकडा दिला असेल तर 'ईएनओ१', यातला 'ओ' ऑनबोर्डचा. ते नसेल, पण बायोस स्लॉटचा आकडा सांगत असेल तर 'ईएनएस१'. तेही नसेल तर थेट वायरिंगचा नकाशा: 'ईएनपी३एस०', म्हणजे पीसीआय बस क्रमांक ३, त्यावरची जागा क्रमांक ०. एकाच कार्डावर दोन-चार पोर्ट असतील तर शेवटी 'एफ०', 'एफ१'.

आणि नाव मॅक ॲड्रेसवरूनच द्यायचं ठरलेलं असेल तर 'ईएनएक्स' आणि त्यापुढे त्या ॲड्रेसची बाराच्या बारा अक्षरं. लिनक्समध्ये इंटरफेसच्या नावाला जास्तीत जास्त १५ अक्षरं चालतात. रोमन लिपीत ईएनएक्सची ३ आणि ॲड्रेसची १२, बरोबर १५. एकही जागा शिल्लक नाही. ही मर्यादा इतकी अडचणीची ठरली की जानेवारी २०२० मध्ये आलेल्या कर्नल ५.५ ने एका इंटरफेसला जोडीला पर्यायी नावं ठेवायची सोय दिली, आणि ती बरीच लांब असू शकतात.

नाव दिसायला भयंकर आहे हे मान्य. फोनवर कुणाला 'ईथ झिरो' सांगणं वेगळं आणि 'ईएनपी झिरो एस ट्वेंटी एफ झिरो यू वन' सांगणं वेगळं. हे दुसरं नाव काल्पनिक नाही बरं का, लॅपटॉपला फोन जोडून टेदरिंग केलं की अगदी अशीच नावं दिसतात. तोच फोन शेजारच्या यूएसबी पोर्टला लावला की शेवटचा आकडा बदलतो.

राग कशाचा आला?

रेड हॅटच्या लिनक्समध्ये ही पद्धत २०१४ मध्ये सातव्या आवृत्तीसोबत आली, उबंटूमध्ये १५.१० पासून, डेबियनमध्ये २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून. आणि प्रत्येक ठिकाणी ओरड झाली. सिस्टमडीवरून लिनक्सच्या जगात त्या काळात आधीच मोठी भांडणं पेटली होती, डेबियनमधून काही मंडळी वेगळी होऊन 'देवुआन' काढून बसली. त्यामुळे नावांच्या मुद्द्यातही निम्मा राग सिस्टमडीचा होता. पण उरलेला निम्मा रास्त होता.

लाखो स्क्रिप्ट्समध्ये, पुस्तकांत, ट्यूटोरियलमध्ये 'ईथ०' हा शब्द कोरलेला होता. काही महागडी व्यावसायिक सॉफ्टवेअर लायसन्स तपासायला ईथ० चाच मॅक ॲड्रेस शोधायची. नाव बदललं, की लायसन्स अवैध. पैसे भरलेले असूनही सॉफ्टवेअर बंद.

सगळ्यात गमतीशीर प्रकार रास्पबेरी पायचा. या चिमुकल्या कॉम्प्युटरच्या तेव्हाच्या मॉडेल्समध्ये केबलचं पोर्ट आतून यूएसबीवरून जोडलेलं असायचं. २०१७ मध्ये त्याची सिस्टीम डेबियन ९ वर आली तेव्हा ज्या बोर्डावर जेमतेम एक केबल लागते, त्या पोर्टचं नाव झालं ईएनएक्स आणि पुढे बारा अक्षरं. शिवाय प्रत्येक बोर्डचा मॅक ॲड्रेस वेगळा, म्हणजे वर्गातल्या तीस मुलांच्या तीस बोर्डांवर तीस वेगळी नावं. शिकवायचं कसं? थोड्याच काळात रास्पबेरी पायवाल्यांनी ही पद्धत मुळातून बंद ठेवायचा निर्णय घेतला आणि ईथ० परत आलं.

इथेच कळतं की 'अंदाज बांधता येणं' म्हणजे काय हे कोण विचारतंय त्यावर ठरतं. वीस पोर्टांचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला एकाच मशीनला दर बूटला तीच नावं मिळणं हवं असतं. एकच पोर्ट असलेल्याला मात्र मशीन कुठलंही असो, नाव तेच हवं असतं. जुनी पद्धत दुसऱ्याची सोय बघत होती, नवी पहिल्याची बघते. दोघांनाही एकाच शब्दाने समजावलं जातंय, म्हणून भांडण मिटत नाही.

आणि पहिल्याचंही काम पूर्ण झालं असं नाही. खोलीच्या नंबरावरून नाव द्यायचं ठीक, पण खोल्यांचेच नंबर बदलले तर? पीसीआय बसचे आकडे मशीन सुरू होताना फर्मवेअर वाटतं. तुम्ही नवीन ग्राफिक्स कार्ड लावलं, किंवा एनव्हीएमई एसएसडी बसवली, की मधे एक बस वाढू शकते आणि पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. काल ईएनपी३एस०, आज ईएनपी४एस०. नेटवर्क कार्डाला हातसुद्धा लावलेला नाही. घरी जुन्या पीसीचा सर्व्हर करणाऱ्यांना हा झटका हमखास बसतो: एसएसडी लावली आणि इंटरनेट गेलं, दोन्हीचा संबंध काय, हे शोधण्यात रविवार जातो.

मग २०२५ मध्ये पुन्हा काय झालं?

डेबियनच्या इशाऱ्यात तर हार्डवेअर बदलायचाही प्रश्न नाही. मशीन तेच, कार्ड तेच, स्लॉट तोच. बदललेत ते नियम वाचणारे.

यूडेव नाव ठरवताना कर्नल आणि फर्मवेअर यांनी दिलेली माहिती वापरतो. त्यांनी जास्त माहिती द्यायला सुरुवात केली, की नाव जास्त 'अचूक' होतं, म्हणजेच वेगळं होतं. डेबियनने सांगितलेली पहिली परिस्थिती नेमकी ही आहे. इंटेलच्या सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या काही वेगवान कार्डांचा 'आय४०ई' हा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये पोर्टचं नावही सांगायला लागला. ते नाव शेपटासारखं मागे जोडलं जातं. जे 'ईएनपी१एस०एफ०' होतं त्याचं झालं 'ईएनपी१एस०एफ०एनपी०'. ड्रायव्हर सुधारला, आणि त्या सुधारणेनेच नेट तोडलं.

दुसरी परिस्थिती फर्मवेअरची. काही मदरबोर्डांचं फर्मवेअर 'सन' नावाच्या खान्यात स्लॉटचा क्रमांक लिहून ठेवतं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मधला सिस्टमडी त्या खान्याकडे दुर्लक्ष करायचा. डेबियन १३ मधला २५७ वा सिस्टमडी तो वाचतो. म्हणजे माहिती कालही होती, आज कुणीतरी ती खरी मानायला सुरुवात केली.

सिस्टमडीवाल्यांना हा धोका माहीत नव्हता असं नाही. २०१८ च्या अखेरीस आलेल्या २४० व्या आवृत्तीपासून त्यांनी नाव ठेवायच्या नियमांनाच आवृत्ती क्रमांक दिले. सिस्टीम सुरू होताना एका सेटिंगने सांगता येतं की मला नवे नियम नकोत, अमुक क्रमांकाचे जुनेच लाव. पण हे सांगायचं असतं हे माहीत कुणाला असतं? आणि त्याने फक्त सिस्टमडीच्या बाजूचा बदल थांबतो. ड्रायव्हरच नवं काही सांगायला लागला तर ही ढाल पुरेलच असं नाही.

डेबियनवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्सला याचा चटका जास्त बसतो. एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची ही सिस्टीम घरगुती सर्व्हरवाल्यांपासून कंपन्यांपर्यंत लोकप्रिय आहे. तिथे कार्डाचं नाव बदललं की एक मशीन नाही, त्यावर बसलेली सगळीच बाहेरच्या जगापासून तुटतात. ऑगस्ट २०२५ मधल्या प्रॉक्समॉक्स ९ सोबत नावं कायमची बांधून ठेवणारं वेगळं साधनच दिलं गेलं. इतक्या जणांना त्रास झाल्याशिवाय कुणी असं साधन बनवत नाही.

मग नवी पद्धत वाईट का?

माझं मत विचाराल तर नाही. जुन्या पद्धतीतली चूक मुकी होती. दोन नावांची अदलाबदल झाली तर सगळं चालू दिसायचं आणि फायरवॉल उलटी बसलेली असायची. नव्या पद्धतीतली चूक बोंब मारते: नावच सापडत नाही, नेट बंद, तुम्हाला लगेच कळतं. सुरक्षेच्या हिशेबाने दार चुकून बंद होणं हे दार चुकून उघडं राहण्यापेक्षा कधीही बरं. फक्त ज्याचं मशीन हजारो किलोमीटर लांब आहे त्याला हे बरं वाटत नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही वाटलं नसतं.

तक्रार आहे ती 'प्रेडिक्टेबल' या शब्दाबद्दल. बायोसने काय आकडा दिला, ड्रायव्हर किती बोलका आहे, नियमांची कुठली आवृत्ती चालू आहे, हे सगळं माहीत असेल तरच अंदाज बांधता येतो. एवढं माहीत असणाऱ्याला अंदाजाची गरजच काय? डेबियनच्या नोट्सही मान्य करतात, की एखाद्या मशीनवर हा प्रकार होईल का, हे खोलात शिरून तांत्रिक तपासणी केल्याशिवाय आधी सांगणं अवघड आहे.

तुमचा सर्व्हर असेल तर काय करायचं?

नाव तुम्हीच ठेवायचं. यूडेवसाठी 'डॉट लिंक' प्रकारची एक छोटी फाइल लिहिता येते: ज्या कार्डाचा मॅक ॲड्रेस हा आहे, त्याचं नाव 'लॅन०'. चार ओळींचं काम. तुमची फाइल सिस्टीमच्या मूळ फाइलच्या आधी वाचली जाते आणि जी पहिली लागू पडेल तीच चालते, त्यामुळे बाकीची सगळी स्पर्धा तिथेच संपते. नाव मात्र ईथ० ठेवू नका. ते कर्नलच्या हद्दीतलं आहे, आणि पुन्हा तीच जागा बदलायची मारामारी सुरू होईल. 'लॅन०', 'बाहेर०', काहीही चालेल, फक्त लिहायचं रोमन अक्षरांत आणि १५ च्या आत. डेबियनवर फाइल लिहिल्यावर बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी इनिटरॅमएफएस ही प्रतिमा नव्याने बनवून घ्या, नाहीतर जुनीच माहिती घेऊन मशीन उठतं.

यातही मेख आहेच. कार्ड बदललं तर मॅक ॲड्रेस बदलणार आणि फाइलही बदलावी लागणार. व्हर्च्युअल मशीनची कॉपी काढली तर आपण फिरून २०१० सालात. निदान तेव्हा नोंदवही यूडेव परस्पर लिहायचा, आता ती तुम्ही जाणूनबुजून लिहिलेली असते.

आणि अपग्रेड करणार असाल तर सगळी पॅकेजं बदलून झाल्यावर, पण रीस्टार्टच्या आधी, 'यूडेवॲडम'ची 'टेस्ट-बिल्टइन' ही कमांड चालवा. नवा सिस्टमडी तुमच्या कार्डाला काय नाव देईल ते ती तिथल्या तिथे दाखवते. मात्र तेव्हा जुनाच कर्नल चालू असतो, त्यामुळे ड्रायव्हरमुळे होणारा बदल त्यात दिसणार नाही. म्हणून रीस्टार्टच्या आधी होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमध्ये जाऊन रिमोट कन्सोल उघडतोय का, त्याचा पासवर्ड चालतोय का, एवढं बघून घ्या. नेटवर्क गेलं तरी स्क्रीन आणि कीबोर्ड दाखवणारी ती एकच खिडकी असते.